पंथाचा विळखा आणि कुटुंबाचे कर्तव्य



घरातील तरुण व्यसनाधीन झाला तर त्याला कोठे न्यावे, हे आज बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांना ठाऊक असते. धंद्यात खोट आली तर कोणाचा सल्ला घ्यावा, हेही ठाऊक असते. परंतु शिकलेला, कमावता, सद्वर्तनी मुलगा एके दिवशी ‘मला सत्य सापडले आहे, यापुढे हे घर माझे नव्हे’ असे सांगून उंबरठा ओलांडतो, तेव्हा घरातील माणसे पुरती गोंधळून जातात. कारण लौकिक अर्थाने त्याने वावगे असे काहीच केलेले नसते. तो पहाटे उठतो, ध्यानाला बसतो, मांसाहार सोडतो, सिनेमाचा नाद सोडतो. आईवडिलांनी तक्रार करावी तरी कशाची? शेजारी उलट कौतुकच करतात. या संभ्रमातच पहिले काही महिने निघून जातात, आणि नेमके तेच महिने मोलाचे असतात.

हा विषय समजून घ्यायचा तर जपानकडे पाहावे लागते. याचे कारण असे की, तेथील कुटुंबांनी या प्रश्नाची जेवढी किंमत मोजली, तेवढी फार थोड्या देशांतील कुटुंबांनी मोजली असेल. आणखीही एक कारण आहे आणि ते आपल्याला अस्वस्थ करणारे आहे. ज्या पंथाने जपानला हादरवले, त्याने आपले नावच ‘ओम्’ असे ठेवले होते.

चिझुओ मात्सुमोतो हा १९५५ साली जन्मलेला, दृष्टी अधू असलेला, अंधशाळेत शिकलेला माणूस. सूचिचिकित्सेचा व्यवसाय करीत करीत त्याने १९८४ साली टोकियोत एक छोटा योगवर्ग सुरू केला. तेथे आसने होती, प्राणायाम होता. पुढे तो हिमालयात जाऊन आला आणि आपल्याला अंतिम मुक्ती लाभली असे सांगू लागला. धर्मशाळा येथे दलाई लामांसमवेत घेतलेले छायाचित्र त्याने प्रचारासाठी मनसोक्त वापरले. शोको असाहारा हे नाव त्याने धारण केले आणि १९८७ साली योगवर्गाचा ‘ओम् शिन्रिक्यो’ झाला. त्याची प्रमुख देवता शिव. अनुयायांना मिळणारी नवी नावे संस्कृत-पालीतील. छातीवर लावायच्या बिल्ल्याचे नाव ‘पुरुष’. आणि फुजी पर्वताच्या पायथ्याशी कामिकुइशिकी गावात उभारलेल्या इमारतींना नाव दिले होते ‘सत्यम्’. त्याच परिसरात सारिन हा विषारी वायू तयार झाला. २० मार्च १९९५ रोजी सकाळच्या गर्दीच्या वेळी टोकियोच्या भुयारी रेल्वेत तो सोडण्यात आला. त्यात बळी पडलेल्यांची संख्या चौदा आहे. त्यांतील अखेरची महिला पंचवीस वर्षे अंथरुणाला खिळून २०२० साली गेली. बाधित झालेले लोक हजारोंच्या संख्येत होते.

पवित्र शब्द उच्चारला म्हणजे उच्चारणारा पवित्र होतो असे नाही, हे आपल्या संतांनी आपल्याला पूर्वीच बजावले आहे. तुकोबांनी ढोंगी गुरूंवर जेवढे कोरडे ओढले आहेत, तेवढे एखाद्या नास्तिकानेही ओढले नसतील. तेव्हा ‘आमच्या शब्दांचा गैरवापर झाला’ एवढीच खंत करून थांबणे योग्य नाही.

सारिनची पिशवी छत्रीच्या टोकाने फोडणाऱ्यांत इकुओ हायाशी नावाचा हृदयरोगाचा शल्यविशारद होता. केइओसारख्या नामांकित विद्यापीठाचा पदवीधर, रुग्णांची मनापासून सेवा करणारा. मृत्यूच्या दारातून माणसे परत आणताना त्याच्या मनात जे प्रश्न उठत, त्यांना विज्ञानात उत्तर नव्हते. ते शोधताना तो ओममध्ये पोहोचला. भोळी, अडाणी, दुबळी माणसेच अशा पंथांत जातात हा समज घरोघरी आहे आणि तो घातक आहे. जो काही शोधत नाही, त्याला कोणी जाळ्यात ओढू शकत नाही. ज्याच्या मनात सेवाभाव आहे, त्याग करण्याची तयारी आहे, जगाचे भले व्हावे अशी तळमळ आहे, असाच तरुण तेथे हवा असतो. म्हणून ‘माझा मुलगा मूर्ख निघाला’ हे वाक्य पालकांनी मनातूनही काढून टाकले पाहिजे. मुलाचा चांगुलपणा चोरीला गेला आहे, असे समजणे अधिक खरे.

ही चोरी होते कशी? रॉबर्ट जे लिफ्टन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने आयुष्यभर याचाच अभ्यास केला. माओच्या चीनमध्ये ‘विचारशुद्धी’च्या नावाखाली तुरुंगांत आणि विद्यापीठांत जे चालले, त्यातून सुटून हाँगकाँगला आलेल्या माणसांच्या मुलाखती त्यांनी १९५४-५५ मध्ये घेतल्या आणि १९६१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे ओमच्या माजी अनुयायांशी बोलून १९९९ साली दुसरा. एकीकडे निरीश्वरवादी साम्यवादी सत्ता, दुसरीकडे मोक्षाची भाषा बोलणारा पंथ. परंतु माणसाला आतून वाकवण्याची रीत दोहोंकडे तीच. बाहेरचे वृत्तपत्र बंद, घरचा दूरध्वनी बंद, जुन्या मित्रांची भेट बंद. झोप अपुरी, आहार अपुरा, काम अखंड. मनात आलेली प्रत्येक शंका वरिष्ठांसमोर पाप म्हणून कबूल करायची. आणि हळूहळू एक स्वतंत्र परिभाषा तयार होते, जिच्यात कठीण प्रश्न एका शब्दात मिटवले जातात. ओममध्ये तिबेटी परंपरेतील ‘पोआ’ हा शब्द होता. मृत्युसमयी जीवाला उच्च लोकी पोहोचवणे हा त्याचा मूळ अर्थ. असाहाराच्या तोंडी त्याचा अर्थ ‘ठार मारणे’ असा झाला, आणि ऐकणाऱ्यांना तो करुणेचा शब्द वाटत राहिला. सोडून जाणाऱ्याला अवीची नरक ठरलेला. ‘अवीची’ हाही शब्द आपल्याकडचाच.

येथे श्रोत्यांच्या मनात एक रास्त शंका येईल. गुरूला शरण जाणे ही तर आपलीच परंपरा आहे; मग गुरुभक्ती आणि हा विळखा यांत भेद कसा करायचा? भेद शिकवणुकीच्या शब्दांत सापडणार नाही. तो वागणुकीत सापडतो. नचिकेत्याने साक्षात यमाला प्रश्न विचारले आणि यम प्रसन्न झाला. अर्जुनाने रणांगणावर शंकांची झोड उठवली; सर्व सांगून झाल्यावर श्रीकृष्णाने निर्णय त्याच्यावरच सोपवला. तेव्हा एखाद्या संस्थेत मुलगा जाऊ लागला, तर तिचे तत्त्वज्ञान तपासत बसण्यापूर्वी साधे व्यवहार तपासावेत. तेथे प्रश्न विचारला तर काय होते? देणगीचा हिशेब मागता येतो का? चार दिवस आजारी आईजवळ राहायला मुभा मिळते का? आणि जो सोडून गेला, त्याच्याविषयी तेथे काय बोलले जाते? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते. जिथून बाहेर पडणारा माणूस सन्मानाने बाहेर पडतो, त्या ठिकाणाची फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नसते. ही कसोटी सर्वांना सारखी लावावी. समोरचा आपल्या धर्माचा आहे, आपल्या भाषेत बोलतो, एवढ्यावरून कोणाला सूट देऊ नये.

आता कुटुंबाने करायचे काय, याकडे वळू. प्रथम काय करू नये ते पाहिले पाहिजे, कारण घाबरलेली माणसे नेमके तेच आधी करतात.

अमेरिकेत १९७०च्या दशकात अशा पंथांचे पेव फुटले, तेव्हा टेड पॅट्रिक नावाच्या गृहस्थाने एक जालीम मार्ग काढला. पालकांच्या सांगण्यावरून तरुणाला रस्त्यातून उचलायचे, बंद खोलीत ठेवायचे आणि दिवसचे दिवस त्याच्याशी वाद घालून त्याची श्रद्धा मोडायची. काही जण त्यातून बाहेर आले, हे खरे. परंतु कित्येक जण पहिली संधी मिळताच पळाले आणि अधिक कडवे होऊन पंथात परतले. पॅट्रिकला पुढे अपहरणाच्या गुन्ह्यात शिक्षाही झाली. जपानमध्ये तर याहून विलक्षण प्रकार घडला. कोरियात १९५४ साली सन म्युंग मून यांनी स्थापन केलेल्या युनिफिकेशन चर्चच्या एका अनुयायाला त्याच्या सख्ख्या कुटुंबाने सदनिकेत कोंडून ठेवले. किती काळ? १९९५ पासून २००८ पर्यंत, बारा वर्षांहून अधिक! तो बाहेर आला तेव्हा अन्नाअभावी खंगलेला होता, आणि तरीही त्याच चर्चचा अनुयायी होता. त्याने न्यायालयात दाद मागितली. २०१४ साली टोकियो उच्च न्यायालयाने त्याला दोन कोटी वीस लाख येन भरपाई देवविली आणि पुढील वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्या आईवडिलांच्या मनात प्रेमच होते. परंतु प्रेमाने केलेली कैद ही कैदच असते. आपल्याकडेही सज्ञान व्यक्तीला डांबून ठेवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हा आहे. तो आईवडिलांनी केला म्हणून सौम्य होत नाही. अल्पवयीन मुलाचा प्रश्न मात्र निराळा. तेथे वाट पाहणे चूक. थेट पोलिसांकडे जावे, आणि अत्याचाराचा संशय असेल तर एक दिवसही दवडू नये.

दुसरी चूक म्हणजे गुरूवर हल्ला. ‘तुझा तो बाबा लबाड आहे’ हे वाक्य आईच्या तोंडून निघाले की संवाद संपला. कारण पंथात त्याला आधीच सांगून ठेवलेले असते की घरचे लोक असेच बोलतील, ते तुझी परीक्षा घेतील. आईने ते वाक्य उच्चारून गुरूचे भाकीत खरे केलेले असते. वेढा पडल्याची भावना वाढली की आतले लोक एकमेकांना अधिकच घट्ट धरतात, आणि पालकांचा संताप हाच पंथाच्या भिंतीचा चुना होतो.

तिसरी चूक सर्वांत मध्यमवर्गीय आहे. ती म्हणजे लपवणे. मुलगी कोठे असते, असे विचारले की ‘नोकरीनिमित्त बाहेरगावी’ असे सांगायचे. लोक काय म्हणतील या भीतीने काकाला सांगायचे नाही, मामाला सांगायचे नाही, तिच्या जुन्या मैत्रिणीला तर नाहीच नाही. परिणामी जी माणसे तिच्यापर्यंत पोहोचू शकली असती, तीच अंधारात राहतात.

मग दार उघडायचे कोठून? येथे एका माणसाची हकीकत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तो स्वतः आत होता. स्टीव्हन हसन हा न्यूयॉर्कमधील ज्यू कुटुंबातील मुलगा. १९७४ साली, एकोणीस वर्षांचा असताना, महाविद्यालयाच्या उपाहारगृहात तीन तरुणींनी त्याच्याशी ओळख काढली. त्याचा नुकताच प्रेमभंग झालेला. विद्यार्थी असल्याचे सांगणाऱ्या त्या तरुणी मूनच्या चर्चच्या होत्या. काही आठवड्यांत त्याने शिक्षण सोडले, बँकेतील पैसे दिले आणि तो झपाट्याने वरच्या पदावर चढला. दिवसाला तीन-चार तास झोप. १९७६ साली असाच जागरणानंतर गाडी चालवताना त्याला डुलकी लागली आणि गाडी एका अवजड मालमोटारीवर मागून आदळली. पाय मोडला. रुग्णालयात दोन आठवडे तो पंथाच्या दैनंदिनीबाहेर राहिला. झोप मिळाली, पोटभर अन्न मिळाले. तेथून त्याने बहिणीला दूरध्वनी केला.

त्या बहिणीने काय केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तिने कधी त्याच्या गुरूवर टीका केली नव्हती. त्याला भाचा झाला होता. मामाने भाच्याला भेटावे असे तिला वाटत होते. एवढाच धागा. त्या धाग्याने तो तिच्या घरी आला. तेथे पालकांनी चर्च सोडून आलेल्या काही जणांना बोलावले होते. हसनचा संताप अनावर झाला. आपल्या पित्याला इजा करण्याचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला, असे त्याने पुढे स्वतः लिहिले आहे. त्या वेळी पित्याच्या डोळ्यांत अश्रू आले आणि त्यांनी विचारले की, तुझ्या एकुलत्या एका मुलाने असे केले असते तर तू काय केले असतेस? पित्याच्या नजरेतून पाहण्याचा तो पहिला क्षण होता. त्याने पाच दिवस त्या माजी अनुयायांचे ऐकून घेण्याचे कबूल केले. त्यांनी त्याला लिफ्टनने वर्णिलेली चिनी विचारशुद्धीची लक्षणे वाचायला दिली. हसन चर्चमध्ये साम्यवादाचा कट्टर शत्रू म्हणून घडला होता. साम्यवाद्यांनी जे केले तेच आपल्यावर झाले आहे, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. त्याचे त्यालाच दिसले. पुढे समुपदेशक झाल्यावर त्याने सक्तीचा मार्ग पूर्णपणे सोडला आणि अनेक वर्षे कुटुंबांना हेच शिकवले की, उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला ते सापडू द्या.

हे प्रत्यक्षात कसे करायचे? मुलगा महिन्यातून एकदा दूरध्वनी करतो असे समजा. तो दूरध्वनी म्हणजे न्यायालयातील उलटतपासणी होता कामा नये. ‘कधी येणार, का येत नाहीस’ ही सरबत्ती ऐकून पुढच्या महिन्यात तो फोन करीत नाही. त्याऐवजी आईने सांगावे, ‘अरे, अंगणातला आंबा यंदा मोहरला आहे. आजीची दृष्टी अधू झाली, तरी तुझा आवाज ओळखते ती. तू बसवून दिलेली कपाटाची कडी अजून तशीच आहे.’ ही निरर्थक बडबड नव्हे. पंथात त्याला नवे नाव, नवे नाते, नवा भूतकाळ दिलेला असतो. त्याचा जुना ‘स्व’ मेलेला नसतो, झाकलेला असतो. घरचा वास, भावंडांची थट्टा, मित्रांनी ठेवलेले टोपणनाव यांनी तो हलतो. त्याला आवडणारा खाऊ पाठवावा. बहिणीने पत्र लिहावे. प्रत्येक पत्राला उत्तर येईलच असे नाही, लिहीत राहावे.

संवाद सुरू झाल्यावर प्रश्न विचारावेत, परंतु असे की ज्यांचे उत्तर आपल्याला खरोखर ऐकायचे आहे. ‘तुला तेथे सर्वांत अधिक काय भावले?’ या प्रश्नाने आरंभ करावा. मग केव्हातरी, ‘आरंभी तुला हे सारे सांगितले असते, तर तू गेला असतास का?’ असे विचारावे. आणि शांत राहावे. ती शांतता आईवडिलांना सहन होत नाही. ते लगेच स्वतःच उत्तर देऊन टाकतात. पेरलेले बी रोज उकरून पाहिले तर ते रुजत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

वस्तुस्थितीची माहिती मात्र कुटुंबाने चोख गोळा करावी. ओममध्ये गुरूचे रक्त पिण्याचा एक महागडा दीक्षाविधी होता. त्यासाठी दहा लाख येन घेतले जात. असाहाराच्या रक्तात विशेष गुण असल्याचे क्योतो विद्यापीठातील संशोधनाने सिद्ध झाले आहे, असा प्रचार होता. त्सुत्सुमी साकामोतो या तरुण वकिलाने थेट विद्यापीठाकडेच चौकशी केली. असे कोणतेही संशोधन झालेले नव्हते. तत्त्वज्ञानावर वाद घालून जे साधत नाही, ते अशा एका पडताळणीने साधते. कारण त्यात श्रद्धेचा अपमान नसतो, फक्त एक विधान खरे की खोटे एवढेच असते. तारखा, पावत्या, आश्वासने, चुकलेली भाकिते यांची वही ठेवावी. ती मुलाच्या अंगावर फेकायची नाही. त्याच्या मनात पहिली शंका येईल त्या दिवसासाठी ती जपायची.

पैशाबाबत कुटुंबाने एकमताने आणि लवकर निर्णय घ्यावा. प्रवासखर्च, औषधोपचार, कपडे यांना नाही म्हणू नये. रोख रक्कम आणि घरजमिनीच्या कागदांवरील सही यांना हो म्हणू नये. ओममध्ये संन्यास घेणाऱ्याला सर्व मालमत्ता पंथाच्या स्वाधीन करावी लागे. मूनच्या चर्चला एका जपानी विधवेने सुमारे दहा कोटी येन दिले आणि ते कुटुंब धुळीला मिळाले. तिच्याच मुलाने ८ जुलै २०२२ रोजी नारा शहरात माजी पंतप्रधान शिंझो आबे यांच्यावर गोळ्या झाडल्या. आबेंचा त्या चर्चशी संबंध आहे असा त्याचा ग्रह होता. त्या हत्येचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु घरात एक जण आत गेला की बाहेर राहिलेल्या मुलांच्या मनात काय साचत जाते, इकडे कोणाचे लक्ष नव्हते. त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानने अनुचित मार्गाने देणग्या उकळण्यावर बंदी घालणारा कायदा केला आणि मार्च २०२५ मध्ये टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने त्या चर्चच्या विसर्जनाचा आदेश दिला. जपानी वकिलांचा एक गट १९८७ पासून त्याविरुद्ध लढत होता!

आपल्याकडील एक उदाहरण सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एप्रिल २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसाराम याला अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल जन्मठेप दिली. त्या मुलीचे आईवडील स्वतः वर्षानुवर्षांचे निष्ठावंत अनुयायी होते. मुलीने सांगितले आणि त्यांनी मुलीवर विश्वास ठेवला. गुरू की लेक, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी एका क्षणात दिले असेल असे मानण्याचे कारण नाही. परंतु दिले ते योग्य दिले. खटल्यातील साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले, तरी ते कुटुंब हटले नाही. आपल्या समाजात अशा आईवडिलांची पाठ थोपटण्याऐवजी ‘धर्माची बदनामी झाली’ म्हणून कुजबुजणारे लोक निघाले, ही गोष्ट नोंदवून ठेवावी अशीच आहे.

या कामात धोका असतो, हेही दडवू नये. साकामोतो वकील ओममध्ये गेलेल्या मुलांच्या पालकांसाठी लढत होते. एका दूरचित्रवाणी वाहिनीने त्यांची मुलाखत ध्वनिचित्रमुद्रित केली आणि प्रसारणापूर्वीच ती ओमच्या पुढाऱ्यांना दाखवली. ४ नोव्हेंबर १९८९ रोजी पहाटे साकामोतो, त्यांची पत्नी आणि सव्वा वर्षाचा मुलगा यांची त्यांच्याच घरी हत्या झाली. घरात ‘पुरुष’ बिल्ला सापडला होता. तरीही तपास रेंगाळला आणि मृतदेह सापडायला १९९५ चा सप्टेंबर उजाडला. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीअखेरीस कियोशी कारिया या अडुसष्ट वर्षांच्या गृहस्थांना टोकियोच्या रस्त्यावरून गाडीत कोंबून नेण्यात आले. त्यांचा अपराध एवढाच की, ओमला बरेच पैसे देऊन झाल्यावर उरलेली मालमत्ताही द्यावी लागेल या भीतीने पळून आलेल्या आपल्या बहिणीला त्यांनी आसरा दिला आणि ती कोठे आहे हे सांगितले नाही. आपण नाहीसे झालो तर ओमने पळवले असे समजावे, अशी चिठ्ठी त्यांनी लिहून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. म्हणून अशा कामात एकट्या कुटुंबाने उडी घेऊ नये. इतर पीडित कुटुंबे शोधावीत, वकिलाला आरंभापासून सोबत घ्यावे, धमकी आली तर ती लेखी तक्रारीच्या रूपात नोंदवावी आणि प्रत जपून ठेवावी.

आणि समजा, तो परत आला. एके संध्याकाळी पिशवी घेऊन दारात उभा राहिला. तेव्हा ‘आम्ही आधीच सांगत होतो’ हे चार शब्द कोणाच्याही तोंडून निघता कामा नयेत. त्याला जेवायला वाढावे आणि झोपू द्यावे. पुढील कित्येक महिने तो अस्वस्थ असेल. साधी निवड करतानाही अडखळेल, कारण कोणती भाजी खायची हेसुद्धा वर्षानुवर्षे दुसऱ्याने ठरवलेले असते. रात्री नरकाची भीती वाटेल. ज्यांना त्याने स्वतः पंथात आणले, त्यांची आठवण त्याला जाळील. मागे राहिलेल्या सोबत्यांची ओढही वाटेल, कारण तेथील स्नेह सगळाच खोटा नव्हता. जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा मानू नये. नातेवाइकांनी वधूसंशोधनाची घाई करू नये. राहिलेले शिक्षण, एखादी साधी नोकरी, सकाळचे फिरणे, यांनी दिवसाला पुन्हा आकार येतो. त्याने पुन्हा देवळात जावे की न जावे, हे त्याच्यावर सोडावे. कोणाची श्रद्धा परत येते, कोणाची येत नाही.

जपानमध्ये ओमच्या अनुयायांच्या पालकांनी १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये, साकामोतो यांच्या साहाय्याने, आपली संघटना उभारली. हिरोयुकी नागाओका हे तिचे अध्यक्ष. त्यांचा स्वतःचा मुलगा ओममध्ये होता. पुढे तो बाहेर आला. आपले काम झाले म्हणून ते घरी बसू शकले असते. परंतु दुसऱ्यांची मुले अजून आत होती. ४ जानेवारी १९९५ रोजी ओमच्या लोकांनी नागाओकांवर व्हीएक्स हे जहाल विष टाकले. ते कित्येक दिवस बेशुद्ध होते, पण वाचले. पुढे खटले उभे राहिले तेव्हा हेच नागाओका असाहाराच्या तरुण शिष्यांच्या बाजूने न्यायालयात साक्ष द्यायला गेले, तुरुंगात त्यांना भेटत राहिले. ही मुले गुन्हेगार आहेत तशीच बळीही आहेत, त्यांना फाशी देऊ नये, अशी त्यांची मागणी होती. ती मान्य झाली नाही. ६ जुलै २०१८ रोजी असाहारासह सात जणांना आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला उरलेल्या सहा जणांना फाशी देण्यात आली.